शिकवणीची केस पडद्यावर चुकीची दिसते तेव्हा: तपासणी कुठून सुरू करायची

ऑनलाइन रेडिओलॉजी शिकणाऱ्या गटासाठी केस तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू येते: "केस उघडली, सगळ्या स्लाइस पाहिल्या, पण तुम्ही म्हणता ते फाइंडिंग मला दिसत नाही." नवा शिकणारा त्याचा दोष स्वतःच्या नजरेला देतो आणि गप्प बसतो. ते मला फार लागतं, कारण अशा बऱ्याच वेळा नजर ठीक असते, चित्रच बिघडलेलं असतं. यंत्रातून निघालेली प्रतिमा पॅक्समधून (रुग्णालयाच्या प्रतिमा-साठ्यातून) एक्सपोर्ट होते, ओळख पुसणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जाते, कुठल्यातरी मार्गाने पाठवली जाते, व्ह्यूअरमध्ये (प्रतिमा पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडते आणि शेवटी पडद्यावर उमटते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर फाइंडिंग, म्हणजे चित्रातली आजाराची खूण, पुसलं जाऊ शकतं. म्हणून आधी चित्र तपासायचं, नजरेचा विचार नंतर.

खाली लक्षणं दिली आहेत आणि मग तपासण्या. सुरुवातीच्या तपासण्यांना दोन मिनिटं लागतात, शेवटच्यांना फाइलच्या आत शिरावं लागतं. क्रम मोडू नका. हेडर (फाइलमध्ये लिहिलेली प्रतिमेची माहिती) उघडून तासभर घालवल्यावर लॅपटॉपचा नाइट मोड चालू होता हे कळलं, असं घडताना मी पाहिलं आहे.

लक्षणं

- सगळं करडं आणि सपाट. मेंदूत ग्रे आणि व्हाइट मॅटर वेगळं काढता येत नाही.
- हाड आणि कॉन्ट्रास्ट औषध भरलेली रक्तवाहिनी दोन्ही सारखेच पांढरेफटक. फुप्फुस नुसतं काळं.
- एक्स-रे उलटा: हाडं काळी, हवा पांढरी.
- सीटीमध्ये हवेच्या जागी लख्ख पांढरे ठिपके किंवा डाग.
- बारीक रेघा हरवलेल्या, कडांभोवती चौकोनी ठोकळे.
- स्क्रोल करताना चित्र उड्या मारतं, मूत्रपिंडानंतर अचानक फुप्फुस येतं.
- उजवी-डावी बाजू रिपोर्टशी जुळत नाही.
- एकच सिरीज (एका स्कॅनमधल्या स्लाइसचा संच) शेकडो सिरीज म्हणून उघडते.
- काळी चौकट दिसते, किंवा फाइल उघडतच नाही.
- चित्रावर किंवा फाइलच्या नावात रुग्णाची ओळख दिसते.

यातलं शेवटचं लक्षण दिसलं तर बाकी काहीही तपासू नका. थेट या लेखाच्या शेवटाकडे, ओळख उघडी पडण्याच्या भागाकडे जा.

आधी दोन प्रश्न

पहिला: सगळ्यांना असंच दिसतं की एकालाच? एकालाच असेल तर दोष त्याच्या पडद्यात किंवा व्ह्यूअरमध्ये आहे. सगळ्यांना असेल तर फाइलमध्ये. दुसरा: मूळ पॅक्सवर तीच स्लाइस, म्हणजे शरीराच्या छेदाचं तेच चित्र, नीट दिसते का? तिथे नीट असेल तर बिघाड एक्सपोर्टनंतरचा आहे. या दोन उत्तरांनी निम्मं काम होतं, आणि त्यासाठी काही शिकावं लागत नाही, फक्त विचारावं लागतं.

इथेच आणखी एक खात्री करून घ्या: दोघं एकाच स्लाइसबद्दल बोलत आहेत का? "बेचाळिसावी स्लाइस पाहा" हे वाक्य धोक्याचं आहे. एखादा व्ह्यूअर डोक्याकडून मोजतो, दुसरा पायांकडून. एखादा शून्यापासून मोजायला लागतो. मी आता केसच्या मजकुरात स्लाइसच्या नंबरासोबत जवळची खूणही लिहिते: "डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेच्या पातळीला". तेव्हापासून या कारणाने येणाऱ्या तक्रारी जवळपास बंद झाल्या.

पडदा आणि खोलीतला उजेड

पाठीमागे खिडकी आहे का? पडद्याचा प्रकाश कमी करून ठेवलाय का? नाइट मोड, निळा प्रकाश गाळणारी सेटिंग, आपोआप बदलणारा ब्राइटनेस, बॅटरी वाचवणारा मोड, हे सगळं बंद करा आणि मग पुन्हा पाहा. फुप्फुसाच्या टोकाजवळची न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाबाहेर साठलेल्या हवेची) पातळ रेघ पडद्यावरच्या प्रतिबिंबात सहज विरून जाते.

पडदा तपासायला एसएमपीटीई किंवा टीजी-१८ क्यूसी हा चाचणी नमुना उघडा. एसएमपीटीई नमुन्यात पूर्ण काळ्या चौकोनाच्या आत ५ टक्क्यांचा एक लहान चौकोन असतो आणि पूर्ण पांढऱ्याच्या आत ९५ टक्क्यांचा. दोन्ही लहान चौकोन वेगळे दिसले पाहिजेत. काळ्यातला दिसत नसेल तर त्या पडद्यावर चित्राच्या गडद भागातले बारकावे मुळात उमटतच नाहीत, आणि मग शिकणाऱ्याने कितीही डोळे ताणले तरी उपयोग नाही. रिपोर्टिंगचे मॉनिटर डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या मानकाच्या १४व्या भागात दिलेल्या ग्रेस्केल वक्रानुसार कॅलिब्रेट केलेले असतात, आपला लॅपटॉप तसा नसतो. शिकण्यासाठी तो चालतो, पण नमुन्यातले दोन्ही चौकोन दिसत असतील तरच. खऱ्या रुग्णाचा रिपोर्ट त्यावर करायचा नाही.

व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून शिकवत असाल तर अडचण वेगळी असते. तिथे चित्र व्हिडिओ म्हणून दाबून पाठवलं जातं. भराभर स्क्रोल केलं की समोर धूसर होतं आणि थांबल्यावर क्षणभराने स्पष्ट होतं. शिक्षकाच्या पडद्यावर मात्र सगळं व्यवस्थित असतं, त्यामुळे त्याला कल्पनाच येत नाही. यावर दोनच उपाय मला लागू पडलेले दिसले: महत्त्वाच्या स्लाइसवर थांबून तीन-चार सेकंद हात न हलवणं, आणि शक्य असेल तेव्हा केस आधीच शिकणाऱ्यांच्या स्वतःच्या व्ह्यूअरमध्ये देणं.

विंडो

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा इथेच उत्तर सापडतं, म्हणून इथे जरा थांबते.

सीटीचा प्रत्येक पिक्सेल हौन्सफिल्ड युनिटमध्ये एक आकडा सांगतो. पाणी ०, हवा −१०००, चरबी साधारण −१००च्या आसपास, दाट हाड हजाराच्या घरात. बारा बिटांच्या फाइलमध्ये असे ४०९६ वेगवेगळे आकडे मावतात. साधा पडदा करड्या रंगाच्या २५६ छटा दाखवतो. म्हणजे कुठला पट्टा दाखवायचा हे निवडावंच लागतं, आणि ती निवड म्हणजे विंडो. रुंदी ४०० आणि मध्य ४० ठेवला तर −१६० ते २४० एवढा पट्टा दिसतो; त्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं.

आता मेंदूचा विचार करा. ग्रे आणि व्हाइट मॅटरमध्ये साधारण १० युनिटांचा फरक असतो. ४०० रुंदीच्या विंडोत तो फरक २५६पैकी जेमतेम ६ छटांचा होतो. रुंदी ८० केली की तोच फरक ३२ छटांचा होतो. इस्केमियाच्या (रक्तपुरवठा तुटण्याच्या) पहिल्या काही तासांत हा फरक आणखी कमी होतो आणि तोच आपल्याला शोधायचा असतो. छातीच्या विंडोत उघडलेल्या मेंदूत तो दिसला नाही, तर तो न दिसणं अगदी रास्त आहे.

उलटही घडतं. एका केसमध्ये कवटीच्या आतल्या बाजूला लागून पातळ सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा) रक्तस्राव होता. केस मेंदूच्या नेहमीच्या विंडोत, ८० रुंदी आणि ४० मध्य ठेवून, स्थिर चित्रं म्हणून दिली गेली होती. ताजं रक्त साधारण ६० ते ७० युनिटांचं, म्हणजे त्या विंडोत जवळजवळ पांढरं. शेजारची कवटी पूर्ण पांढरी. दोन्ही एकमेकांत मिसळले. बऱ्याच जणांनी "नॉर्मल" असं उत्तर दिलं, आणि एका मुलीने लिहिलं की हे क्षेत्र आपल्याला जमणार नाही बहुतेक. रुंदी २०० आणि मध्य ७५ करून तीच स्लाइस पुन्हा दिली तेव्हा तिनेच सर्वांत आधी रक्तस्राव दाखवला. ती चूक केस तयार करणाऱ्यांची होती. तेव्हापासून डोक्याच्या प्रत्येक सीटीसोबत मी तीन विंडो देते: मेंदू, सबड्युरल आणि हाड.

नेहमीचे आकडे हाताशी असू द्या. फुप्फुसासाठी रुंदी १५०० आणि मध्य −६००, मेडियास्टिनमसाठी (दोन फुप्फुसांमधल्या भागासाठी) ४०० आणि ४०, हाडासाठी १८०० आणि ४००. यात थोडंफार इकडेतिकडे चालतं. पण शिकणाऱ्याला नुसती "विंडो बदलून पाहा" एवढी सूचना पुरत नाही, आकडे द्या.

एमआरआयला हे आकडे लावू नका. तिथल्या सिग्नलला हौन्सफिल्डसारखं ठरलेलं परिमाण नाही. यंत्र, कॉइल (सिग्नल पकडणारा भाग) आणि सीक्वेन्सप्रमाणे (स्कॅनच्या पद्धतीप्रमाणे) आकडे बदलतात. फाइलमध्ये विंडोची नोंद नसेल तर काही व्ह्यूअर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा घेऊन मधला सगळा पट्टा दाखवतात. एखादा अतिशय चमकदार पिक्सेल असला की बाकी सगळं चित्र अंधारात जातं. असं असेल तर हव्या त्या भागावर चौकोन काढून तेवढ्यापुरती विंडो लावा, बहुतेक व्ह्यूअरमध्ये ती सोय असते.

फाइल कुठल्या वाटेने आली

विंडो हलवूनही फरक पडत नसेल, म्हणजे चित्र फक्त उजळ-अंधुक होतं पण आत नवं काही उघडत नाही, तर तुमच्या हातात डायकॉम फाइल नाही. कुणीतरी आधीच जेपेग किंवा पीएनजी केलेलं चित्र आहे. त्यात विंडो एकदाच ठरते आणि कायमची गोठते. जे त्या विंडोबाहेर राहिलं ते फाइलमध्ये उरलेलंच नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरने ते परत येत नाही.

सोपी परीक्षा आकाराची आहे. सीटीची एक स्लाइस बहुतेक वेळा ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलची असते आणि प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट लागतात, म्हणजे साधारण अर्धा एमबी. ३०० स्लाइसची सिरीज १५० एमबीच्या आसपास. तोटा न होणाऱ्या पद्धतीने दाबली तर निम्मी किंवा तिसरा हिस्सा होईल. पण एका स्लाइसची फाइल तीसचाळीस केबीची असेल तर काहीतरी नक्कीच टाकून दिलेलं आहे.

मेसेजिंग ॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत दाबलं जातं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे पाडून प्रत्येकातले बारकावे कमी करतं. केसाइतकं बारीक फ्रॅक्चर, इंटरस्टिशियल रेघा, बारीक कॅल्सिफिकेशन पहिल्यांदा जातात ते याच कारणाने. झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फाइल आहे तशी पोचते. मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो केस म्हणून स्वीकारू नका. त्यात लहरींची जाळी येते, कोन वाकडा असतो, आणि कोपऱ्यात रुग्णाचं नाव राहून जाण्याची शक्यताही सगळ्यात जास्त असते.

दाबलेलं प्रत्येक चित्र टाकाऊ असतं असं मात्र नाही. मोठं प्ल्युरल इफ्यूजन (फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी) शिकवायला चांगल्या प्रतीचं जेपेग पुरतं. मूळ चित्र शेजारी ठेवा आणि जे शिकवायचं आहे ते दोन्हींत तितकंच दिसतं का, एवढंच पाहा.

क्रम आणि बाजू

स्क्रोल करताना उड्या पडत असतील तर बहुधा फाइल नावांप्रमाणे लागल्या आहेत: १ नंतर १०, मग ११, मग २. व्ह्यूअरमध्ये इन्स्टन्स नंबरने (फाइलमध्ये नोंदलेल्या चित्रक्रमांकाने) क्रम लावा. तरी नीट होत नसेल तर स्लाइसच्या स्थानावरून लावा. अक्षीय (आडव्या छेदांच्या) सीटीत इमेज पोझिशन या टॅगमधला (हेडरमधल्या नोंदीतला) तिसरा आकडा शरीराच्या लांबीच्या दिशेचं स्थान सांगतो. मधेच एखादं लांबट चित्र येत असेल तर तो स्काउट (स्कॅनआधीचं आराखड्याचं चित्र) आहे, सिरीजमध्ये चुकून मिसळलेला.

बाजू चुकलेली वाटली तर फार जपून. प्रथेप्रमाणे रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे असते, तेव्हा यकृत डावीकडे दिसायला हवं. उलट दिसलं की हात लगेच फ्लिपच्या बटणाकडे जातो. थांबा. रुग्णाला सायटस इनव्हर्सस (अवयव जन्मतः उलट बाजूला असणं) असू शकतो आणि तेच कदाचित केसचं मर्म असेल. आधी चित्रावरची खूण वाचा: अक्षरच आरशातल्यासारखं उलटं असेल तर चित्र फिरवलं गेलं आहे. अक्षर सरळ असेल तर इमेज ओरिएंटेशन टॅग पाहा. पाठीवर झोपलेल्या रुग्णाच्या सरळ अक्षीय प्रतिमेत तो १, ०, ०, ०, १, ० असतो. तरीही शंका उरली तर मूळ पॅक्सशी ताडून पाहिल्याशिवाय काहीही फिरवायचं नाही. चुकीच्या बाजूने शिकलेली केस पुढे कुणाच्या तरी हातून चुकीच्या बाजूला सुई घालू शकते, म्हणून या बाबतीत मी घाई खपवून घेत नाही.

हेडर

इथून पुढे डायकॉम टॅग वाचावे लागतात. बहुतेक व्ह्यूअरमध्ये ते दाखवणारी खिडकी असते; डीसीएमटीके या मोफत साधनसंचातल्या डीसीएमडंपनेही ते वाचता येतात. फक्त वाचा, मूळ फाइलमध्ये काही बदलू नका. प्रयोग करायचा तर प्रतीवर.

एक्स-रे उलटा दिसतोय? फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशन, म्हणजे ००२८,०००४ हा टॅग पाहा. मोनोक्रोम १ असेल तर सगळ्यात लहान आकडा पांढरा समजायचा असतो. मोनोक्रोम २मध्ये तोच काळा. एक्स-रेच्या काही यंत्रांच्या फाइल मोनोक्रोम १ असतात आणि एक्सपोर्ट करणारं सॉफ्टवेअर तिकडे लक्ष देत नाही. पाहण्यापुरतं व्ह्यूअरमध्ये इन्व्हर्ट करा. केस साठवायची तर टॅग नीट वाचणाऱ्या व्ह्यूअरमधून पुन्हा एक्सपोर्ट करा. नुसता टॅग बदलून सोडलात तर पुढच्या माणसाला पुन्हा उलटं दिसेल.

डिजिटल एक्स-रे किंवा मॅमोग्राफी कुठल्याच विंडोत खुलत नसेल, सगळं फिकट पिठूळ दिसत असेल, तर ०००८,००६८ पाहा. तिथे "फॉर प्रोसेसिंग" लिहिलेलं असेल तर तो कच्चा डेटा आहे. "फॉर प्रेझेंटेशन" असलेली प्रत मागवा; हातातल्या फाइलशी झगडून उपयोग नाही.

सीटीचे आकडे बरोबर आहेत का, हे कळायला माझी नेहमीची चाचणी: एक लहान वर्तुळ शरीराबाहेरच्या हवेवर, एक त्वचेखालच्या चरबीवर, एक मूत्राशयावर किंवा मेंदूतल्या पाण्यावर. साधारण −१०००, −१०० आणि शून्याच्या थोडं वर असे आकडे यायला हवेत. हवा २४ आणि पाणी १०२४च्या आसपास येत असेल तर रीस्केल इंटरसेप्ट (फाइलमधल्या आकड्यात मिळवायची संख्या) लागू झालेला नाही. तो बऱ्याचदा −१०२४ असतो आणि व्ह्यूअरने तो धरलाच नाही. हवा ६४५३६ येत असेल तर ऋण आकडे धन म्हणून वाचले जात आहेत: ६५५३६ वजा १०००. हवेतले ते लख्ख पांढरे ठिपके बहुधा याचेच. पिक्सेल रिप्रेझेंटेशन, ००२८,०१०३, इथे ऋण आकडे असताना १ हवं. एक काळजी घ्या: चौकटीच्या चार कोपऱ्यांत, स्कॅनच्या वर्तुळाबाहेर, −२०००सारखा आकडा दिसू शकतो. तो नुसतं भरण आहे, हवा नव्हे. मोजमाप वर्तुळाच्या आतच करा.

चित्र लांबट किंवा चपटं दिसत असेल तर पिक्सेल स्पेसिंग (पिक्सेलमधलं अंतर) पाहा. कोरोनल किंवा सॅजिटल (समोरून किंवा बाजूने दिसणारे छेद) बांधताना पायऱ्या पडत असतील तर स्लाइस मोजा, मधल्या काही गहाळ असतील.

ओळख पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने केलेलं नुकसान

हे कारण लवकर सुचत नाही, कारण हे सॉफ्टवेअर चांगल्या हेतूने वापरलेलं असतं.

एकच सिरीज शेकडो सिरीज म्हणून उघडते त्यामागे बहुतेक वेळा हेच. प्रत्येक सिरीजला एक युआयडी (एकमेव ओळखक्रमांक) असतो आणि ओळख पुसताना तो बदलावा लागतो. पण एका सिरीजच्या सगळ्या फाइलना तोच नवा युआयडी मिळाला पाहिजे. सॉफ्टवेअरने प्रत्येक फाइलला वेगळा दिला, किंवा फाइल एकेक करून त्यात टाकल्या, की सिरीज फुटते. पूर्ण स्टडी (त्या तपासणीच्या सगळ्या सिरीज) एकाच वेळी, एकाच फेरीत पुसा.

दुसरं: खाजगी (यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे) टॅग सरसकट उडवले की जुन्या काही एमआरआय यंत्रांच्या डिफ्यूजनमधली बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनचा परिणाम किती ठळक दिसेल ते ठरवणारा आकडा) जाते, कारण ती तिथेच लिहिलेली असते. मग कुठलं चित्र बी ० आणि कुठलं बी १००० हे शिकणाऱ्याला कळत नाही. पुसण्याआधी ती लिहून ठेवा आणि केसच्या मजकुरात द्या. काय पुसायचं, काय ठेवायचं, याची यादी डायकॉमच्या १५व्या भागाच्या परिशिष्ट ईमध्ये आहे. स्वतःच्या मनाने यादी बनवू नका.

फाइल उघडतच नाही

डायकॉम फाइलच्या सुरुवातीला १२८ बाइट मोकळे सोडलेले असतात आणि त्यानंतर डी, आय, सी, एम ही चार अक्षरं येतात. ती नसतील तर फाइल अर्धवट उतरली असेल किंवा वेगळ्याच प्रकारची असेल; पुन्हा मागवा. अक्षरं आहेत पण चौकट काळी, तर ट्रान्सफर सिंटॅक्स (फाइल कशी दाबली आहे ते सांगणारा टॅग) पाहा. फाइल जेपेग लॉसलेस किंवा जेपेग २००० पद्धतीने दाबलेली असेल आणि तुमच्या व्ह्यूअरकडे ती उघडण्याची सोय नसेल. दुसरा व्ह्यूअर वापरून पाहा. तिथे उघडली तर फाइल चांगली आहे. नावामागचा शेपटा बदलून काही होत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रुग्णाची ओळख उघडी पडली असेल तर दुरुस्ती करत बसू नका. केस सगळ्यांच्या हातून ताबडतोब काढून घ्या, ज्यांनी उतरवून घेतली त्यांना ती पुसायला सांगा, आणि ज्या रुग्णालयातून ती आली तिथल्या माहिती-सुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. किती जणांनी पाहिली हे लपवू नका. नाव टॅगमधून गेलं तरी ते चित्राच्या पिक्सेलमध्ये छापलेलं राहतं, हे विशेषतः सोनोग्राफीत, डोस रिपोर्टच्या पानावर आणि स्कॅन करून जोडलेल्या रेफरल चिठ्ठीवर. म्हणून केस देण्यापूर्वी प्रत्येक सिरीजचं निदान पहिलं आणि शेवटचं चित्र, आणि सोनोग्राफीचं प्रत्येक चित्र, माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं गेलं पाहिजे. पातळ स्लाइसच्या डोक्याच्या सीटी-एमआरआयवरून चेहरा पुन्हा बांधता येतो. अशी पूर्ण सिरीज देण्याआधी चेहरा काढण्याचं काम जाणकाराकडून करून घ्या.

चुकीचा आकडा जर एकाच यंत्राच्या सगळ्या केसमध्ये आणि मूळ पॅक्सवरही येत असेल, म्हणजे पाणी सतत शून्यापासून दूर, तर तो आपल्या शिकवणीचा प्रश्न उरत नाही. त्या यंत्रावर आजही रुग्ण तपासले जात आहेत. मेडिकल फिजिसिस्टला कळवा; तो फँटम (चाचणीसाठीची ठरावीक वस्तू) लावून तपासेल.

केस नीट करताना मूळ रिपोर्टमध्ये नसलेलं काही गंभीर दिसलं, तर त्यावर गटात चर्चा सुरू करू नका. ज्याने केस दिली त्या रेडिओलॉजिस्टला खाजगीत सांगा. रुग्णाशी त्याचाच संबंध आहे, आणि निर्णयही कॅलिब्रेट केलेल्या पडद्यावर पाहून त्यानेच घ्यायचा आहे.

बाकी सगळं करूनही चित्र बरोबर येत नसेल, किंवा एका ठिकाणाहून येणाऱ्या प्रत्येक केसमध्ये तोच बिघाड असेल, तर पॅक्स ॲडमिनकडे जा. स्वतः हेडर दुरुस्त करून काम भागवत राहिलात तर बिघाड मुळाशी तसाच राहतो. त्याला "चित्र खराब येतंय" असं सांगू नका. कुठल्या यंत्राची केस, कुठल्या दिवशी कुठल्या मार्गाने एक्सपोर्ट केली, पॅक्सवर कसं दिसतं, तुमच्याकडे कुठल्या व्ह्यूअरच्या कुठल्या आवृत्तीत कसं दिसतं, हवा-चरबी-पाण्याचे तीन आकडे, फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशन आणि ट्रान्सफर सिंटॅक्स, एवढं लिहून द्या. रुग्णाचा नंबर द्यावा लागला तर तो रुग्णालयाच्या आतल्या मार्गानेच द्या, मेसेजवर नाही.